डाव्या पायाची खबर

फुटपाथची एक फरशी कुणीतरी खालचा पाइप बघायला उचकटली होती आणि काम संपल्यावर ती परत नीट बसवायचा कंटाळा केला होता. खुर्चीचं पुढचं डावं चाक त्या फटीत गेलं, खुर्ची एका अंगाला कलली आणि त्याचा डावा पाय फूटरेस्टवरून घसरून फरशीच्या कडेवर आपटला. बायको मागून खुर्ची ढकलत होती. तिने “अरे देवा” म्हटलं, खुर्ची मागे ओढली, समोर येऊन वाकली, पाय उचलून जागेवर ठेवला, बुटाची नाडी घट्ट केली, फरशी बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दोघं पुढे निघाले. औषधांचं दुकान मागे पडलं. चष्म्यांच्या दुकानाच्या काचेतून खुर्ची, तो आणि त्याच्या डोक्यावर तिचं डोकं असं एक उंच चित्र सरकत गेलं. ते काचेच्या टोकाला जाऊन संपता संपता त्याच्या तोंडून आवाज निघाला, “स्स्.”

बायको थांबली. “काय झालं?”

“काही नाही.”

“लागलं?”

हा प्रश्न तिने त्याला कितीतरी दिवसांत विचारला नव्हता. म्हणजे हाताला, कोपराला, डोक्याला लागलं का असं ती विचारायची; दाराच्या चौकटीवर त्याची बोटं दर आठवड्याला सोलवटून निघत. पण कमरेखालच्या भागाबद्दल “लागलं?” असं विचारणं दोघांनीही केव्हाच सोडलं होतं. तिथे जखम झाली तर ती बघायची, धुवायची, तिच्यावर पट्टी लावायची. ती लागायची नाही. आता तो प्रश्न तिच्या तोंडून गेला होता आणि तो परत कसा घ्यायचा हे दोघांनाही सुचेना. “नाही गं,” तो म्हणाला. “पाय आपटताना बघितला ना, तेच आठवलं असेल.” ती बरं म्हणाली आणि खुर्ची ढकलू लागली, पण आता ती प्रत्येक फरशीवर इतकी हळू जात होती की मागून येणारे लोक चुकचुकत बाजूने जाऊ लागले. निघताना तीच सवयीने म्हणाली होती, “चल, पाय मोकळे करून येऊ.” म्हणाली आणि जीभ चावली, आणि मग दोघंही लिफ्टमध्ये पोट धरून हसली होती. त्या हसण्याचा आता मागमूस राहिला नव्हता.

घरी आल्यावर तो खिडकीशी बसला आणि त्या एका ‘स्स्’वर खल करत राहिला. लागायचं असतं तर तेव्हाच लागलं असतं. दुकानं मागे पडल्यावर लागतं का कुणाला? शिवाय त्याने पाय आपटताना डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे पाहिलेलं मनात मुरलं, आणि मनाने, आपल्या मालकाला खूश करायची सवयच ना त्याला, थोड्या वेळाने त्याचं दुखणं करून पेश केलं. हे इतकं सरळ होतं. तरीसुद्धा त्याला राहून राहून वाटत होतं की तो आवाज काढला तेव्हा त्याच्या मनात पायच नव्हता. चष्म्यांच्या दुकानातली एक निळी फ्रेम होती. फ्रेम कुणाला शोभेल याचा तो विचार करत होता, आणि मधूनच, कुणी गर्दीत कोपराने ढोसावं तसं, ते आलं होतं. ते म्हणजे काय, हे त्याला सांगता आलं नसतं. दुखणं म्हणावं तर दुखणंही नव्हतं. कुठून आलं तेही कळलं नव्हतं. फक्त ते बाहेरून आलं होतं, एवढं त्याला शपथेवर सांगता आलं असतं.

पण त्याच्या शपथेला तरी काय किंमत होती? उभं आयुष्य त्याने खोटी पावलं खरी करून विकली होती. पडद्यावर माणसं चालतात तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज बहुतेक वेळा त्यांचा नसतो. तो नंतर बंद खोलीत कुणीतरी दुसरा चालून भरतो. हा तो दुसरा. स्टुडिओच्या तळघरात जमिनीत चौकोनी हौद केलेले होते. एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात जुन्या लाकडी जिन्याचा तुकडा. समोर पडद्यावर चित्र चालू असे आणि तो त्या हौदांतून जागच्या जागी चालत राही. पोलीस, प्रियकर, दमेकरी म्हातारे, लपून आलेले खुनी, सगळे त्याच्या पायांनी चालून गेले. बायकांची पावलंही त्याचीच. उंच टाचांच्या सँडल त्याच्या मापाच्या मिळेनात, म्हणून एका चांभाराकडून करून घेतल्या होत्या. चांभाराने माप हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि शेवटी न राहवून म्हणाला, “मॅडमना म्हणावं जपून चाला. अशा पायांना टाच पेलायची नाही.” काचेपलीकडे आवाज मुद्रित करणारी मुलगी कानाला हेडफोन लावून बसलेली असायची. तिला त्याचा चेहरा नीटसा दिसत नसे, कारण तळघरातला दिवा पडद्यासाठी मंद ठेवलेला असे. ती त्याला फक्त ऐकायची आणि त्याच्या कानात सांगायची: लवकर. उशीर. परत. बरोबर. त्याची खोड अशी की तो नेहमी किंचित लवकर पडायचा, म्हणजे त्याचं पाऊल चित्राच्या आधी वाजायचं. पडद्यावरचं पाऊल उचललं गेलं की ते कधी आणि कुठे टेकणार हे त्याला आधीच कळायचं, आणि त्याचा पाय वाट न बघता टेकून मोकळा व्हायचा. “इतकी घाई कसली?” ती एकदा वैतागून म्हणाली, “माणूस अजून हवेत आहे आणि तुम्ही पोचलात पण.” पुढे तिने त्याच्याशी लग्न केलं. लोकांनी कारण विचारलं की सांगायची, याच्या पावलांत लबाडी नव्हती. ऐकणारे हसायचे, त्यांना वाटायचं ती थट्टा करतेय.

तो पडला तोही बुटांसाठीच. घराच्या माळ्यावर बुटांची खोकी होती, त्यातला एक जोड करकरणारा, तसा दुसरा कुठेही न मिळणारा. स्टुलावर स्टूल ठेवून तो चढला आणि पाठीवर आला. इतका बारीकसा, घरगुती, हसण्यावारी न्यावा असा अपघात, की दवाखान्यात सांगताना त्याला लाज वाटली. शेजारच्या खाटेवरचा माणूस निदान मोटारसायकलवरून तरी पडला होता. बरगड्यांच्या खालच्या टोकापासून खाली सगळं गेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “इजा पूर्ण आहे.” शाळेपासून कुठल्याच गोष्टीत त्याला पूर्ण म्हणून काही मिळालं नव्हतं, ते हे असं मिळालं. सुरुवातीचे कितीतरी आठवडे तो आणि बायको एकमेकांना धीर देण्यात इतके दमून जात की रडायचं राहूनच गेलं.

आणि तरीही पाय गेले नव्हते. हे त्याने कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. चादरीखाली जे दोन लांबट, बारीक होत चाललेले, मुडपून ठेवले तसे राहणारे अवयव होते, ते निराळे. त्यांच्यापेक्षा वेगळे, हलके, उबदार असे त्याचे दोन पाय अजून होते आणि ते आपल्या मर्जीने कुठेही असत. तो पलंगावर सरळ पडलेला असताना ते गुडघ्यांत दुमडून वर तरंगत. खुर्चीत बसला की ते पुढे लांब होत, कधी भिंतीपलीकडे जिन्यावर जाऊन टेकत. दुपारी डोळा लागता लागता ते चालू लागत. ओल्या वाळूवरून, मग लाकडावरून, मग कुठल्या तरी फार मोठ्या, रिकाम्या इमारतीतल्या गुळगुळीत फरशीवरून, आणि तो त्यांच्या मागे मागे नुसता ऐकत जाई. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, होतं असं, मेंदू त्याची जुनी आठवण जपून ठेवतो. त्यांना ते दुखणं वाटलं. त्याला मात्र दिवसातली तीच वेळ आवडायची, आणि आवडते म्हणून मनातून भीतीही वाटायची. त्यातून एकदा काय झालं, बायको आतल्या खोलीत काम करत होती. ती आता घरीच चित्रपटांना आवाज लावायचं काम करते. तिच्या हेडफोनची वायर निसटली आणि घरभर कुणीतरी जिना चढू लागलं. सावकाश, उजव्या पायावर किंचित जोर देत, मधल्या पायरीवर थांबून. त्याने ते चालणं तत्काळ ओळखलं. तोच होता. त्याची सगळी पावलं तिच्याकडे मुद्रित होऊन पडली होती आणि ती अजून ती वापरत होती. तो खाटेवर पडलेला असताना शहरातल्या पडद्यांवर तो अजून लोकांच्या मागे चालत होता. ती धावत बाहेर आली, पांढरीफटक. “वायर निघाली,” म्हणाली. “जिन्यावर जरा घाई झालीय,” तो म्हणाला, आणि तिच्या जिवात जीव आला. पण त्या दिवसापासून आपण नक्की कुठे आहोत याबद्दल त्याच्या मनात एक शंका घर करून राहिली.

बायकोने डॉक्टरांना फोन करून ‘स्स्’ची खबर दिली. त्याला तो अगोचरपणा वाटला, पण आतून तो हुरळूनही गेला होता. डॉक्टर बारीक चणीच्या, सतत घसा खाकरणाऱ्या बाई होत्या आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. त्यांनी टेबलावरच्या मणक्याच्या नमुन्यात पेन्सिल खुपसली. “हे बघा, बोटातली नस तुटली तर ती परत वाढते. नखासारखी सावकाश, पण वाढते. पाठीच्या कण्यातली मात्र वाढायला निघते आणि अडते. जखमेच्या जागी व्रण धरतो, आजूबाजूच्या पेशी तिला पुढे येऊ देत नाहीत. टोकं तिथवर येऊन थबकतात. मेलेली नसतात हं. नुसती थांबलेली.”

“काय करतात तिथे?”

“कोण?”

“टोकं.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “काही नाही करत. पण सगळे धागे तुटलेले असतातच असं नाही. एखादा पदर वाचलेला असला तर तो बाजूने कोंब काढतो, आडवाटेने जातो, दुसऱ्याचं काम अंगावर घेतो. पायात खरंच काही कळत असेल तर इजा अपूर्ण म्हणायची. आणि अपूर्ण असेल तर मी तुम्हाला आमच्या नव्या उपचारात घेऊ शकते. दोरांनी टांगून फिरत्या पट्ट्यावर चालवायचं, कण्याला बारीक विजेचे झटके द्यायचे. चालाल असं वचन देत नाही. पण उरलेल्या वाटा रुळतात. पूर्ण असेल त्यांना त्यात घेत नाहीत, कारण वाटच नसेल तर रुळवायची काय?”

बायकोने पर्सचा बंद बोटाभोवती घट्ट गुंडाळला होता. त्याला ती थांबलेली टोकं दिसत होती. जेवणाच्या सुटीसाठी बंद झालेल्या खिडकीपुढे माणसं उभी असतात तशी ती उभी होती, न भांडता, न निघून जाता.

तपासणी करायला आला तो व्यायाम देणारा आडदांड तरुण. त्याला दोघंजण आपसात पैलवान म्हणत. त्याच्या हातात मांडी मावायची आणि तरी तो पायाला असा हात लावायचा की जणू पाय झोपलाय आणि उठता कामा नये. “काका, डोळे मिटायचे,” पैलवान म्हणाला. “टोचलं की ‘टोच’ म्हणा, कापूस लागला की ‘मऊ’. काही नाही लागलं तर गप्प. अंदाजपंचे बोलायचं नाही, बरं का.” त्याने डोळे मिटले. आत काळोख नव्हता. तळघरात पडदा उजळायच्या आधी असतो तसा मंद उजेड होता. मग त्यात एक पाऊल वर आलं, त्याचंच डावं पाऊल, अवाढव्य आणि शांत. पावलावर कुठेतरी काहीतरी होणार आहे हे त्याला कळलं. “टोच,” तो म्हणाला. “मऊ. मऊ. टोच.” उत्तरं आपोआप वर येत होती, पाण्यातून बुडबुडे यावेत तशी, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्या मोठ्या पावलाचा एकेक भाग उजळत होता. आयुष्यात इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा पैलवानाचा आ वासलेला होता. “काका, सगळी बरोबर! सगळी!” तो डॉक्टरांना हाक मारायला धावत गेला. डॉक्टर आल्या, त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, घसा खाकरायचं विसरून गेल्या, आणि उपचार पुढच्या आठवड्यापासून सुरू करू म्हणाल्या. त्याला रडू फुटलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बायको बसली होती. ती हसली, पण अशी, की एखाद्याने फोटोसाठी सांगितल्यावर हसावं.

घरी येईपर्यंत ती बोलली नाही. आल्यावर तिने चहा ठेवला, तो उतू जाऊ दिला, पुसला, परत ठेवला. तो मात्र बोलत सुटला होता. पट्ट्यावर कोणते बूट घालावेत, माळ्यावरची खोकी खाली काढावीत का. शेवटी ती त्याच्यासमोर बसली. “रागावणार नाहीस?”

“आज? आज माझ्या अंगावर चहा ओत. चालेल.”

“तू लवकर पडत होतास.”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. “काय म्हणतेस?”

“पैलवानाने पिन स्टीलच्या वाटीत ठेवली होती. उचलली की वाटी वाजायची, अगदी बारीक. कापूस उचलला की नाही वाजायची. तू वाटीला उत्तर देत होतास, पिनला नाही. त्याचे रबरी बूट वळायचे, तो श्वास रोखायचा, आणि तू म्हणायचास. त्याचा हात पोचायच्या आत. दरवेळी. मी आयुष्यभर तेच ऐकत आलेय रे. मला नाही का कळणार?”

“मला वाटी ऐकूच आली नाही.”

“ते मला माहीत आहे. तू खोटं बोललास असं मी म्हणतच नाहीये.”

तो भडकला. इतका, की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. तुला मी बरा व्हायला नकोय का, असं तो म्हणाला. मला या खुर्चीत बसवून ठेवलं की तुझं बरं चालतं, माझी पावलं तुझ्याकडे आहेतच, पायांची गरज काय, असंही म्हणाला. ती ऐकून घेत होती. नाक लाल झालं होतं, पण तिने मान खाली घातली नाही. सगळं बोलून झाल्यावर तो चाकाच्या कडेवर अंगठा फिरवत राहिला. तिचा कान चुकत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग तोच म्हणाला, “तू घे तपासणी. हेडफोन लाव मला. नुसती खरखर सोड त्यात. बघू या.”

तिने त्याला पलंगावर निजवलं आणि आतून हेडफोन आणले. खरखर सुरू झाली आणि घर नाहीसं झालं. उरला एक सारखा, राखाडी, न संपणारा आवाज, ज्यात तो उताणा पडला होता. डोळे मिटले. पाऊल पुन्हा वर आलं. पूर्वीपेक्षाही स्पष्ट, बोटांवरच्या रेषांसकट. त्याने घाई केली नाही. जिवाचं पाऊल करून तो वाट पाहत राहिला, आणि मग ते आलं. “मऊ,” तो म्हणाला. थोड्या वेळाने, “टोच. टाचेवर टोचलंस. आता मऊ.” त्याला आनंदाने भरून येत होतं, बघ, म्हणावं, कुठे आहे तुझी वाटी? बऱ्याच वेळाने त्याने हेडफोन काढले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. पिन आणि कापूस तिच्या मांडीवर होते.

“किती बरोबर?” त्याने विचारलं.

“मी एकदाही हात लावला नाही.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा टीं-टीं असा आवाज येत राहिला आणि मग थांबला. तो छताकडे बघत होता. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, पण राग कुठे सापडेना. “निदान एकदा तरी लावायचास गं,” तो म्हणाला.

“लावणार होते. दोनदा हात नेला.” आता मात्र तिला रडू आवरेना. “लावला असता आणि तू गप्प राहिला असतास तर? मग काय केलं असतं आपण?”

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच डॉक्टरांना फोन केला. कुणी सांगितलं नव्हतं. बायको तर म्हणाली, राहू दे, घेऊ देत ना त्यांना, कुणाचं काय जातं? पण पट्ट्यावर आपल्याला टांगलं आहे आणि आपण पट्ट्याच्या मोटारीचा आवाज ऐकून पावलं कळल्याचं सांगतो आहोत, हे चित्र त्याला सहन होईना. आणि त्याहून मोठी भीती अशी, की ते त्याला स्वतःलाही कळणार नाही. वाटीची गोष्ट त्याने त्यांना सांगून टाकली. “सांगितलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “मग सध्या पूर्णच धरू. काही महिन्यांनी परत बघू.” फोन ठेवताना त्यांनी घसा खाकरला तो त्याला फार दूरचा वाटला.

त्यानंतरचे दिवस धुरकट गेले. विशेष असं की ते दुसरे पाय, तरंगणारे, आता फिरकेनासे झाले. त्याने त्यांना काही म्हटलं नव्हतं. पण दुपारी डोळा लागायच्या सुमाराला तो त्यांची वाट पाही आणि काठावर उभा असल्यासारखा नुसता पडून राही. खाली जिथे ते असायचे तिथे आता पाणीही नव्हतं, काठही नव्हता. त्याला त्यांची आठवण यायची. खऱ्या पायांची आठवण त्याला कधी इतकी आली नव्हती, हे कबूल करताना त्याला विचित्र वाटे. त्या पायांनी त्याला फसवलं, म्हणून ते लाजून गेले असतील, की आपणच त्यांना घालवलं? बायको आतल्या खोलीत काम करताना दार लोटून घेई. कधी कधी ती बाहेर येऊन त्याच्या कपाळावर हात ठेवून जाई, न बोलता. भांडणात तो जे बोलला होता ते दोघांपैकी कुणीही परत काढलं नाही, पण ते घरात होतं. नव्या फर्निचरला जसं सुरुवातीला सारखं अडखळायला होतं तसं दोघं त्याला अडखळत होते.

रोज सकाळी ती त्याचे पाय धुऊन बघायची. कळत नसलेल्या पायाला कुठे घासलं, कुठे चिरलं हे बघावं लागतं. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या मागे, घोट्याच्या खाली. कोमट पाण्याचं घमेलं, एक फडकं, एक छोटा आरसा. त्या सकाळी तो अर्धवट झोपेत होता. ती आली, पलंगाच्या पायथ्याशी बसली, चादर सारली, हे त्याला डोळे न उघडता कळलं आणि कळून तो परत झोपेत उतरला. तळघर होतं. पडद्यावर बर्फ पडत होता आणि एक माणूस त्यातून पाठमोरा चालला होता. बर्फाचा हौद नसायचा. मक्याचं पीठ चामड्याच्या पिशवीत भरून ती पिशवी पायाखाली दाबायची, की कुरकुर, कुरकुर, हुबेहूब ताजा बर्फ वाजतो. तो तसं पिशवीवर चालत होता. पीठ काही गार नसतं. उलट दिव्यांखाली राहून पिशवी चांगली ऊन व्हायची. त्याची पावलं माणसाच्या पावलांबरोबर पडत होती, कुणी काही सांगत नव्हतं, काच काळी होती. माणूस पुढे गेला, लहान झाला, चित्र संपलं, पडदा पांढरा झाला. तो थांबला. आवाज कुठलाच नव्हता. आणि मग त्या नुसत्या शांततेत, चालणं संपून गेल्यावर, पिशवीवरच्या डाव्या पायाला गार वाटलं.

ते चांगलं वाटलं नाही. पाऊल उजळलं वगैरे काहीच झालं नाही. पाऊल दिसलंसुद्धा नाही. अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, ओल्या मातीचं बोट लावावं तसं काहीतरी बेढब, जाडंभरडं गार होतं आणि ते जरा किळसवाणंच होतं. पीठ गार कसं, असा त्याला रागही आला. रागाने जाग आली. खोलीत सकाळचा उजेड होता. तरी ते तिथेच होतं.

“तुझा हात किती गार आहे गं,” तो म्हणाला.

त्याने मान वळवली. बायको पलंगाशी नव्हती. ती पार खिडकीपाशी उभी होती, पाठमोरी, फडकं पिळून दांडीवर वाळत घालत होती. घमेलं तिच्या पायाशी होतं. ती वळली, फडकं हातात तसंच.

“काय म्हणालास?”

“हात गार आहे तुझा. डाव्या अंगठ्यापाशी. आतून.”

“आज मी पाणी तापवलंच नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “गॅस संपलाय. तू झोपला होतास म्हणून म्हटलं, कशाला सांगायचं. गारच घेतलं.” तिने आपल्या हाताकडे पाहिलं. “पण मी हात केव्हाच काढला. तुझे पाय पुसून, आरशात बघून, चादर घालून झाली माझी. तिथे मी अंगठा धरून ठेवला होता, नख बघायला. केव्हाच.”

“असेल,” तो म्हणाला. “आत्ता पोचला. उशिरा, त्या फरशीसारखा.”

फडकं तिच्या हातून खाली पडलं. ती धावलीच पलंगाकडे, चादर ओढली, गुडघे टेकले आणि हात पुढे केला. ओला, लालसर हात त्याच्या डाव्या पावलाच्या अगदी वर येऊन पोचला.

“थांब,” तो म्हणाला. त्याने डोळे मिटले नव्हते. “लावू नकोस इतक्यात. आधीचा अजून आहे.”

तिने हात तसाच धरून ठेवला आणि दोघं तो आधीचा हात जायची वाट पाहत राहिले.